आईचं मधलं बोट

घट बसायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. आमच्याकडे शिरूरला नवरात्राच्या तोंडावर घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, काही म्हणजे काही सुटत नाही. पूर्वी बायका गोधड्यांची बोचकी घेऊन घोड नदीवर जायच्या. आता गच्चीवर टबात धुणं होतं, पण दमणूक तेवढीच. त्या संध्याकाळी आई वाळलेली चादर पलंगावर घालत होती. गादी नवीन आणि जाड. चादरीचं टोक गादीखाली खोचताना तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट फळीवर आपटलं.

"टक्कन वाजलं," ती म्हणाली. "दुखलं नाही फार. पण हे बघ कसं झालंय."

शेवटचं पेर खाली लोंबत होतं. बाकी बोट सरळ आणि नखाकडचा भाग मान टाकल्यासारखा. तिने दुसऱ्या हाताने ते टोक वर उचललं, तर सरळ झालं. सोडलं की पुन्हा खाली. तिने तीन-चारदा करून दाखवलं. तिला गंमत वाटत होती. नानांनी टीव्हीवरची नजर काढून एकदा पाहिलं आणि "लचकलं असंल, हळद लाव," म्हणाले.

मी रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहे. फिक्श्चर बनवणं हे माझं काम. मशीनवर भोक पाडताना जॉब जागचा हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी जी चौकट असते, ती म्हणजे फिक्श्चर. दिवसभर लोखंडाला गप्प बसवणाऱ्या माणसाला आईचं एक बोट गप्प बसवता येणार नाही का, असा माझा आव होता. आधी तिच्या बोटातलं वेढं काढलं. सूज चढायच्या आत अंगठी काढायची, एवढं मला माहीत होतं. साबण लावून, फिरवत फिरवत, तिचा एक शिवी-सदृश उच्चार ऐकत ते निघालं. मग मधलं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून टाकलं. कबड्डीत मुरगळलेल्या बोटांना आम्ही असंच करायचो.

मुरगळलेल्या बोटाला ते चालतं, आईच्या बोटाला नाही. शेजारचं बोट वाकलं की तिचंही टोक त्याच्याबरोबर खाली. रात्री कधीतरी माझ्या लक्षात आलं, उठलो, फ्रीजवरच्या डब्यातून चोकोबारची जुनी काडी काढली. (आई त्या काड्या धुऊन ठेवते. कशासाठी, हे तिलाही सांगता येत नाही.) काडीला कापूस गुंडाळला आणि बोटाच्या खालून, पार तळहातापर्यंत, घट्ट बांधली. आई झोपेतच "राहू दे रे आता" म्हणत होती.

घट बसले त्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी कलाकुसर सोडली आणि पहिल्यांदा एक्स-रे काढायला पाठवलं. बोटाच्या पाठीवरून एक पातळ पट्टीसारखी शीर शेवटच्या पेरापर्यंत जाते. तिला टेंडन म्हणतात. तीच ते टोक वर धरून ठेवते. टोकावर अचानक दणका बसला की ती तुटते, किंवा हाडाचा बारीक कपचा घेऊन उखडते. कपचा मोठा असेल तर कधी ऑपरेशन लागतं, म्हणून आधी एक्स-रे. आईचं हाड शाबूत होतं, नुसती शीर गेली होती. याला मॅलेट फिंगर म्हणतात. क्रिकेटमध्ये कॅच घेताना बॉल बोटाच्या टोकावर बसला की हेच होतं. मला वाटलं, चादर खोचताना बोट मोडणारी आमची आई एकटीच. डॉक्टर म्हणाले, चादर खोचताना हे नेहमीच होतं.

उपाय साधा होता. बोटाचं टोक सरळ, किंवा अगदी किंचित मागे झुकलेलं, धरून ठेवायचं. सहा आठवडे, दिवसाचे चोवीस तास. तुटलेली दोन टोकं त्या काळात आपोआप जुळतात. नंतर आणखी काही आठवडे फक्त रात्री.

"आणि मधे एकदा काढलं तर?" मी विचारलं.

"काढलं तर हरकत नाही. टोक खाली जाता कामा नये. एकदा जरी वाकलं, तर मोजणी पुन्हा एकपासून."

"भाकरी थापताना?" आईने विचारलं.

डॉक्टर हसले. "घरात दुसरं कुणी नाही का करायला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे पाहिलं.

डॉक्टरांनी निळ्या स्पंजची ॲल्युमिनियमची पट्टी दिली. माझ्या काडीवर त्यांचे दोन आक्षेप होते. एक म्हणजे ती नको तेवढी लांब होती. फक्त टोकाचा सांधा धरायचा असतो. मधला सांधाही बांधून टाकला तर सहा आठवड्यांत तोही आखडतो. हे ऐकून मला लाज वाटली, कारण फिक्श्चरचा पहिला धडा हाच आहे, लागेल तेवढंच धरा. दुसरा आक्षेप घट्टपणाचा होता. बोटाचं टोक निळं-पांढरं पडलं, गार लागलं, मुंग्या आल्या, तर पट्टी लगेच सैल करायची.

या घट्टपणाचं त्यांनी जरा जास्तच सांगितलं, आणि का ते नंतर कळलं. आमच्याकडे अजूनही हाड मोडलं की बांबूच्या कामट्या लावून बांधणाऱ्याकडे जाणारे लोक आहेत. शेजारच्या काकूंनी आईला तसा एक पत्ता दिलाही होता. कामट्या वाईट नसतात. वाईट असतं ते करकचून बांधणं. लहान मुलाचा हात असा आवळला, आतून सूज वाढली, की रक्त पुढे जात नाही आणि स्नायू मरतात. हात पंजासारखा आखडून कायमचा राहतो. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ साली हे लिहून ठेवलं, म्हणून त्या आजाराला अजून त्याचंच नाव आहे.

रात्री मोबाईलवर हे वाचता वाचता सुश्रुतापर्यंत पोचलो. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर एक अख्खा अध्याय आहे. आधाराच्या पट्ट्यांना तिथे 'कुश' म्हटलंय आणि त्या कशाच्या करायच्या त्याची यादी आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांची साल, बांबू, वड. बांधणं सैल झालं तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट झालं तर सूज येते, दुखतं, पिकतं, हेही तिथे आहे. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडून बांधा, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. आणि बोटासाठी वेगळी सूचना आहे: बोट सरळ बसवा, बारीक कापडाने गुंडाळा, वर तूप सोडा. मी आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तूप कुणी आणायचं त्या भावाचं?"

निळी पट्टी चार दिवसांत वैतागली. स्पंज भिजायचा, वाळायचा नाही. आत कातडी पांढरी पडून वास यायला लागला. मेडिकलमध्ये तयार प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, पण एक आईच्या बोटात शिरेना आणि दुसरी फिरवली की निघायची. मग एका रविवारी अंगणात बसलो. कोपऱ्यात ठिबकच्या काळ्या नळीचं वेटोळं पडलं होतं. सोळा एमएम. आमच्या भागात कुठल्याही शेताच्या बांधावर तिचे तुकडे सापडतात. तिचा बोटाच्या दीड पेराएवढा तुकडा कापला, उभा चिरला, वरचा भाग काढून टाकला. राहिली ती छोटी पन्हळ. आईचं बोट तिच्यात असं बसलं, की जणू नळीवाल्याने माप घेतलं होतं. नळी वेटोळ्यात राहून किंचित वाकलेली असते. तो बाक असा ठेवला की टोक आपोआप केसभर मागे झुकेल. कडा पॉलिश पेपरने घासल्या. तापवलेल्या दाभणाने हवेसाठी भोकं पाडली. नळी एकटी लवचिक, म्हणून खालून चोकोबारची काडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लावली, आखूड कापून. वर कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे, एक नखावर, एक मधल्या सांध्याच्या अलीकडे. असे दोन नग केले, एक धुवायला, एक घालायला. डॉक्टरांना दाखवले. त्यांनी उलटसुलट पाहिले, आईला मधला सांधा वाकवायला लावला, टोक तपासलं आणि "चालेल" म्हणाले. पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी आमचा कार्यक्रम असायचा. आई हात पालथा करून टेबलावर ठेवणार. बोट टेबलाला चिकटलेलं. मी चिकटपट्टी कापणार, नळी पुढून सरकवून काढणार, टोक माझ्या बोटाने खालून धरणार. ती दुसऱ्या हाताने ओल्या फडक्याने बोट पुसणार, कोरडं करणार. मग दुसरी नळी. चिकटपट्टीचं शेवटचं टोक मी नेहमी दुमडून ठेवायचो, म्हणजे दुसऱ्या दिवशी नखाने शोधत बसावं लागत नाही. एवढ्या पाच मिनिटांत आम्ही जेवढं बोललो तेवढं मी नोकरीला लागल्यापासून बोललो नव्हतो. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी आकडे लिहीत होतो. ५. ६. ७.

नळीचं काम एका रविवारचं होतं. भाकरीचं नव्हतं. पहिल्या दिवशी माझी भाकरी परातीतून तव्यावर जाताना तीन तुकड्यांत गेली. आई ओट्याशेजारी स्टुलावर बसून, बोट वर करून, सूचना देत होती. "पाणी कमी घातलंस. मळ अजून. अजून. हाताच्या पायाने मळायचं, बोटांनी नाही." बाजरीचं पीठ मळायला किती जोर लागतो हे मला तिसाव्या वर्षी कळलं. आठवड्याने तुकडे थांबले, गोल मात्र कधी झाली नाही. नाना काही न बोलता खायचे. भांडी त्यांनी स्वतःहून घेतली होती, पण रात्री, नऊनंतर, मागचं दार लावून. मोरी दाराशेजारीच आहे, गल्लीतून दिसते.

बोटाचा एक विनोदही होता, जो आईला अजून माहीत नाही. उजव्या हाताचं मधलं बोट ताठ आणि बाकीची वाकलेली, अशी ती महिनाभर शिरूरभर हिंडली. भाजीवाल्याला पैसे देताना, देवीच्या आरतीला, एसटी थांबवताना. माझे मित्र घरी आले की हात त्यांच्या तोंडासमोर धरून "बघ रे, सूज उतरली का?" विचारायची. तेही बिचारे जमिनीकडे बघून "हो काकू, उतरली" म्हणायचे.

भाऊबीज आली तेव्हा ३२वा दिवस होता. दिवाळीचा फराळ यंदा निम्मा विकतचा, त्याचं दुःख आईला बोटापेक्षा जास्त. आईचं माहेर दौंड. मामा रेल्वेत, आजोबाही रेल्वेतच होते. आम्ही सकाळच्या एसटीने न्हावरे, चौफुला करत निघालो. चौफुल्याच्या अलीकडे केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं चालू झाली होती. काकवीचा वास बसमध्ये यायचा आणि आई प्रत्येक वेळी "आलं बघ दौंड" म्हणायची, दौंड अजून तासभर लांब असलं तरी.

आज्जी ओसरीत बसली होती. ऐंशीच्या पुढची आहे. तिने आईचा हात ओढून घेतला, नळी फिरवून फिरवून पाहिली.

"ह्यो काय नळ बसवलाय?"

मी सगळं सांगितलं. शीर, सहा आठवडे, वाकलं तर पहिल्यापासून. आज्जीने आपला उजवा हात पुढे केला. करंगळीशेजारच्या बोटाचं टोक खाली वळलेलं होतं, चोचीसारखं. मी तो हात लहानपणापासून पाहिलाय. त्या हाताने मला भरवलंय. मला वाटायचं म्हातारपणी बोटं अशीच होतात.

"भिताडावर गवऱ्या थापत हुते," ती म्हणाली. "शेणात दगड आला की भितीतला दगड लागला, काय की. तुझी आई पोटात हुती. टक्कन वाजलं."

"मग काय केलं?"

"काय करायचं? हळद लावली, रुईचं पान बांधलं. तीन दिस. मग पान निसटलं पिठात."

"बांधून ठेवायचं होतं गं, सरळ."

"आन् गवऱ्या?" आज्जी म्हणाली, आणि मामाच्या पोराला हाक मारायला लागली.

जेवणं झाल्यावर मी मामाबरोबर स्टेशनकडे चक्कर मारायला गेलो. आलो तर ओवाळणं उरकलं होतं, आवराआवर चालली होती. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये चौफुल्याला उजेड होता म्हणून माझं लक्ष गेलं. आईच्या बोटावरच्या चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं नव्हतं. आणि वेढे उलटे होते.

"नळी काढली होतीस?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "ओवाळताना. ताट नीट धरता येईना."

"टेबलावर हात ठेवून काढलीस?"

"अरे दोन मिनिटं."

"फक्त ताट धरायला?"

जरा वेळाने म्हणाली, "वहिनी एकटी होती आत. पंधरा माणसांच्या पोळ्या."

मी बसमध्ये ओरडलो. बत्तीस दिवस, मी म्हणालो. बत्तीस दिवस मी पहाटे उठून हे करतोय, आणि तू पोळ्या लाटतेस? पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. आईने हात पदराखाली घेतला.

"आई उठून पोळपाट घ्यायला लागली होती," ती हळू म्हणाली. "तिच्यासमोर मी कशी बसून राहू?"

पारगावच्या पुलावर भीमा अंधारात होती, काही दिसलं नाही. न्हावऱ्यापर्यंत आम्ही बोललो नाही. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. दुपारी मी मामाबरोबर स्टेशनवर चहा पीत होतो, मामा मला नवीन इंजिनांबद्दल सांगत होता, आणि त्या वेळी आत पंधरा माणसांचं चाललं होतं. मी घरी भाकऱ्या करतो हे मी दौंडात कुणालाही सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

घरी येऊन तपासलं तर टोक पुन्हा खाली जात होतं. पहिल्याइतकं नाही, पण जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी आलो तेव्हा आई हात पालथा ठेवून बसलेली होती, आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात तिने डाव्या हाताने, वाकडातिकडा, १ लिहिलेला होता.

दुसऱ्या खेपेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. थंडी पडली, चिकटपट्टी कमी घामेजायची. मामीचा एकदा फोन आला, तिला कुणाकडून तरी सगळं कळलं होतं. ती माझ्याशी बोलली, आईशी नाही, आणि म्हणाली, "मला सांगायचं होतंस रे, मी काय पोळ्यांसाठी अडले होते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नानांनी एक दिवस मागचं दार लावलं नाही. विसरले असतील असं वाटलं, पण दुसऱ्या दिवशीही उघडंच. गल्लीतून जाणारे एक काका थांबले, "काय नाना, प्रमोशन?" म्हणाले. नाना राखेचा हात तसाच वर करून हसले आणि पुढची कढई घेतली.

४२ दिवस डिसेंबरच्या मध्याला भरले. डॉक्टरांनी नळी काढून आईला बोट हवेत धरायला लावलं. टोक राहिलं. पूर्ण सरळ नाही, थोडं खाली. घरी येऊन माझ्या शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजलं. साधारण दहा अंश. थोडा बाक बऱ्याच जणांना राहतो, त्याने काम अडत नाही, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. तरी मला ते दहा अंश बसमधले वाटतात. आईला विचारलं तर तिला फरकच दिसत नाही. पुढचे चार आठवडे नळी फक्त रात्री.

ते संपले आणि भोगी आली. आईने पहाटे मला न उठवता बाजरीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या, तीळ लावून. आवाजाने जाग आली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ती मधलं बोट जरा जपून, उचलून थापत होती. पहिली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मागे न बघता म्हणाली, "पुढच्या दोन तू कर. माझा हात भरला."

संक्रांतीला तिळगूळ द्यायला दौंडला गेलो तेव्हा आज्जीसाठी एक नळी करून नेली. मोठ्या मापाची, कडा नीट घासलेल्या. भाऊबीजेलाच तिने निघताना म्हटलं होतं, "मला पन एक नळ बसीव की." तेव्हा मी सांगितलं होतं की आता इतक्या वर्षांनी उपयोग नाही, सांधा आखडलेला असणार. ती "असू दे" म्हणाली होती. ओसरीत बसून मी तिचं बोट नळीत ठेवलं. चोच काही सरळ झाली नाही, टोक नळीच्या काठावर अडून राहिलं. मी जोर लावला नाही. आज्जीने हात लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं.

"दुखतंय का?"

"न्हाय."

मग तिने नळी काढली, पदराने पुसली आणि कनवटीच्या पिशवीत, मिश्रीच्या डबीशेजारी, ठेवून दिली.